उत्तरेश्वरनं जोडलेली लाईन

माझं नाव नम्रता. आईवडिलांचा अंदाज साफ चुकला, हे वारज्यात कुणीही सांगेल. माळवाडीच्या रस्त्यावर माझं हार्डवेअरचं दुकान आहे. वडिलांनी काढलं, गेली बावीस वर्षं मी चालवते. गिऱ्हाइकाला 'या, बसा' असं शेवटचं कधी म्हटलं ते आठवत नाही. पाईप न्यायला आलेल्या माणसानं बसायचं कशाला? हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं मला गोड आवाजात सांगता येणार नाही. प्रयत्न करून पाहिला. दुसऱ्याच वाक्याला आवाज चढतो.

सांगायचंय ते उत्तरेश्वरबद्दल. हा आमच्या भागातला प्लंबर, मूळचा बार्शीकडचा. एकोणिसाव्या वर्षी हायवेच्या कामावर बिगारी म्हणून आला, मग एका म्हाताऱ्या प्लंबरच्या हाताखाली राहिला, काम शिकला, परवाना काढला. आता चाळिशी ओलांडलीय. पुण्यात प्लंबर पुष्कळ आहेत, पण सांगितलेल्या वेळेला येणारा मी हा एकच पाहिला. 'दहाला येतो' म्हणाला की दहाला दारात हजर. एका घरी यावरून भांडण झालेलं मला माहीत आहे. ते लोक बिचारे उठलेच नव्हते.

चालताना हा माणूस समोर बघत नाही, खाली बघतो. वारज्यातल्या प्रत्येक चेंबरचं झाकण त्याच्या ओळखीचं. लोक पत्ता सांगताना देऊळ सांगतात, बँक सांगतात. हा सांगणार, 'ते फुटक्या कडेचं चेंबर हाय बघा, त्याच्या पुढचं तिसरं.' कुठल्या बिल्डिंगचा पाईप जमिनीखालून कुठे वळतो, किती खोल आहे, कुठे खडक लागला म्हणून वाकडा घेतला, हे सगळं त्याच्या डोक्यात. कागदावर कुठेही नाही.

पुण्यात त्याला एक बहीण आहे, सख्खी नव्हे. सुशीलाबाई, वारजे गावठाणातली, आता साठीची. ओढ्याकाठी तिची सात-आठ गुंठे जमीन, त्यात एक जुनी विहीर आणि अळूचे वाफे. उत्तरेश्वर पुण्यात आला तेव्हा तिच्या पत्र्याच्या खोलीत भाड्यानं राहिला. कावीळ झाली तेव्हा तिनं महिनाभर त्याचं पथ्यपाणी केलं. तेव्हापासून ती अक्का आणि हा भाऊ. दर रविवारी दुपारी तो तिच्याकडे जेवायला जाणार, भाकरी आणि अळूची पातळ भाजी. रोज सकाळी ती माझ्या दुकानासमोरच्या फुटपाथवर टोपली घेऊन बसायची. अळू, थोडा पालक, कधी चुका. अळू असा की घशाला खाज म्हणून नाही. लग्नसराईत केटररवाले चार दिवस आधी सांगून ठेवायचे. मी स्वतः दर गुरुवारी दोन जुड्या घ्यायची.

गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. सोसायटीचं नाव निर्मलधारा. नाव मी ठेवलेलं नाही. टेकडीच्या पायथ्याशी, अठ्ठेचाळीस फ्लॅट, बारा वर्षं जुनी. व्हिडिओत सुशीलाबाईचे वाफे होते. ओढ्याच्या काठाला सिमेंटच्या मोठ्या पाईपचं तोंड आहे, त्यातून काळपट पाणी येतंय, चारीतून वाफ्यांत शिरतंय, आणि ती घोटाभर चिखलात वाकून अळू कापते आहे. खाली लिहिलं होतं, 'बघा आपण काय खातो! गटाराच्या पाण्यावरची भाजी! या लोकांना लाजच नाही!'

मग काय विचारता! ओकणारे चेहरे, लालबुंद चेहरे, हात जोडलेले चेहरे. एक काकू म्हणाल्या, 'तरीच माझं पोट बिघडायचं.' काकूंचं पोट कशानं बिघडतं ते चौकातल्या वडेवाल्याला विचारा. दुसऱ्या दिवशी तक्रारअर्ज तयार. आमचा चेअरमन शौनक, आयटीत मोठ्या हुद्द्यावर, त्यानं इंग्रजीत दीड पान लिहिलं. अर्ज वॉचमनच्या टेबलावर ठेवला. एक्केचाळीस सह्या झाल्या.

त्यातली एकोणचाळिसावी माझी. सकाळच्या घाईत, डोक्यावरचं हेल्मेटसुद्धा न काढता. सुशीलाबाई रोज माझ्या डोळ्यांसमोर बसते, तिला रस्ता ओलांडून एका शब्दानं विचारावं असं मला वाटलं नाही. त्या गुरुवारी तिनं जुडी पुढे केली आणि मी मान फिरवली. ही मी. दुसऱ्यावर तोंड टाकायला सगळ्यात पुढे.

अर्जाचं काम झपाट्यानं झालं. आमच्या रस्त्यावरचा खड्डा बुजायला तीन गणपती जातात, पण गरिबाच्या वाफ्यावर माणूस आठ दिवसांत येतो. कनिष्ठ अभियंता जयामॅडम आल्या. तिशीतल्या, बोलायला कडक, पण माणूस खोटा नाही. त्या सुशीलाबाईला म्हणाल्या, "मावशी, हे पाणी मैल्याचं आहे. यावर भाजी लावता येणार नाही. पंधरा दिवसांत पाणी थांबलं नाही तर मला वाफे काढावे लागतील, विहीरही बुजवावी लागेल."

"म्या थांबवू? म्या कुठं सोडलंय ते?" सुशीलाबाई म्हणाली.

"तुम्ही नाही सोडलेलं, मला कळतंय. पण या लाईनीवर तीन सोसायट्या आहेत आणि तिघीही म्हणतात आमचं नाही. वरचा रस्ता काँक्रीटचा झालाय, चेंबर त्याच्याखाली गाडले गेलेत. कुणाचं पाणी आहे ते दाखवा, मी तिथे बंद करते."

सुशीलाबाईनं दाखवायचं! जमिनीखालचं! एका बाईनं, विळा घेऊन!

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरेश्वर दुकानात आला. काही मागितलं नाही. काउंटरवर सहा इंची पाईपचा तुकडा पडला होता, त्याच्या कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवत उभा राहिला.

"काय हवंय?" मी विचारलं.

"ताई, ते पाणी तुमचं हाय."

"कुठलं?"

"अक्काच्या वाफ्यात येतंय ते. निर्मलधाराचं. अठ्ठेचाळीस फ्लॅटचं. संडास, बाथरूम, सगळं."

"तुला काय स्वप्न पडलं?"

"मीच जोडलंय," तो म्हणाला.

जमिनीखाली दोन वेगळ्या लाईनी असतात. एक मैलापाण्याची, ती शुद्धीकरण केंद्राकडे जाते. दुसरी पावसाळी. रस्त्यावरचं, गच्चीवरचं पावसाचं पाणी तिनं थेट ओढ्यात न्यायचं आणि ओढ्यानं नदीत. मध्ये कुठे चाळण नाही, टाकी नाही. पावसाळी लाईनीत जे टाकाल ते जसंच्या तसं पुढे जातं. उन्हाळ्यात ती कोरडी ठणठणीत असायला हवी. हे मला माहीत आहे, मी पाईप विकते.

निर्मलधारा बांधली तेव्हा मैलापाण्याची लाईन रस्त्याच्या पलीकडे होती, आणि मध्ये काळा खडक. पावसाळी लाईन मात्र गेटाशीच. ताबा द्यायची घाई होती. बिल्डर म्हणाला, 'तिलाच मार, पुढचं पुढं बघू.' उत्तरेश्वरला नुकती मुलगी झालेली, पहिलंच मोठं काम. त्यानं मारली. वर माती, मातीवर पेव्हर ब्लॉक. बिल्डर आता कुठे आहे देव जाणे. 'पुढचं' मात्र सुशीलाबाईच्या वाफ्यात येऊन पडलं.

"आणि हे तू आता सांगतोस?" माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असणार. "बारा वर्षांनी?"

"अजून एक हाय," तो म्हणाला. खाली बघतच होता. "आठ वर्षांमागं अक्कानं मला विचारलं होतं. म्हणाली, उन्हाळ्यातबी पायपातून पाणी येतंय, हे कसलं रं? तुला त्यातलं कळतं. मी म्हणालो, वरच्या सोसायट्या बागेला पाणी घालतात, ते झिरपतंय. चांगलं हाय. मग तिनं चारी खणली."

"खणली? म्हणजे तुझ्या सांगण्यावरून ते पाणी तिनं वाफ्यात घेतलं?"

"व्हय."

"आणि तू रविवारी तिथे जेवायचास?"

"जायचो."

"तीच भाजी?"

"तीच. नगं म्हणालो असतो तर तिनं विचारलं असतं, का नगं?"

माझ्या हातात मोजपट्टी होती, ती मी काउंटरवर अशी आपटली की खिळ्यांचा डबा खाली सांडला. मूर्ख, भित्रा, नालायक, जे जे तोंडात आलं ते सगळं मी त्याला म्हणाले. तो खाली वाकून खिळे गोळा करत होता. त्यामुळे आणखीच डोकं फिरलं.

कुणी विचारेल, त्या बाईला वास येत नव्हता का? येत होता. पण पुण्यातल्या ओढ्याला वास येणारच, असं आपण सगळ्यांनी कधीच कबूल करून टाकलंय. पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावायचा आणि पलीकडे गेल्यावर काढायचा. ओढा म्हणजे काय असतो हे आता आपल्याला आठवतसुद्धा नाही. सुशीलाबाईला आठवत होतं. त्या विहिरीचं पाणी ती लग्न होऊन आली तेव्हा प्यायची. नंतर ते सोडलं, नळाचं घेतलं. तिचा भाऊ प्लंबर, तो म्हणाला बागेचं, मग तिनं कशाला शंका घ्यावी?

"आता काय करणार आहेस?" मी विचारलं.

"बंद करायची. आधी चेअरमनसाहेबांना सांगतो. मजुरी घेणार न्हाई. खणतो, जोड तोडतो, पलीकडच्या लाईनीला नेतो. रस्ता करताना मधला खडक फोडलाय, आता तिकडं जागा झालीय."

त्याच संध्याकाळी आम्ही दोघं शौनककडे गेलो. शौनक वाईट माणूस नाही, असं लोक म्हणतात. असेलही बुवा तो चांगला. गॅलरीत बावीस कुंड्या, दारात 'पाणी हेच जीवन' अशी पाटी. त्यानं सगळं ऐकून घेतलं, चहा विचारला आणि म्हणाला, "पॉइंट असा आहे मॅम, की हे आपण ऑन रेकॉर्ड आणूच शकत नाही. पेव्हर ब्लॉक आत्ता जानेवारीत बदललेत. आणि लायबिलिटी कोणाची? उद्या सगळं सोसायटीवर येईल."

"येऊ दे की. घाण कुणाची आहे?" मी म्हणाले.

"ते प्रूव्ह कुठे झालंय?" मग तो उत्तरेश्वरकडे वळला. "आणि तुम्ही हे कुठे बोललात ना, तर तुमचा परवाना जाईल. मी तुमच्या भल्याचं सांगतोय. सिंपल आहे. त्या बाईंनी तिथे भाजी लावूच नये."

सिंपल! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आपण घाण सोडायची, ती जिच्या दारात जाते तिच्यावर अर्ज करायचा, आणि वर तिनंच उठून जायचं! मी शौनकला जे बोलले ते लिहीत नाही. त्याची आई आतल्या खोलीतून बाहेर येऊन बघून गेली.

जिन्यात मी उत्तरेश्वरला म्हणाले, "हे बघ, तू तोंड उघडायचं नाहीस. परवाना गेला तर दोन पोरींना काय खायला घालशील? दुसरा काहीतरी पुरावा शोधू."

तो दोन पायऱ्या उतरला आणि थांबला. "ताई, तुमच्याकडं रंग कधी खेळतात?"

"कधी म्हणजे? पंचमीला."

"बाकीच्या दोन सोसायट्या धुळवडीलाच खेळत्यात," तो म्हणाला.

हे मात्र खरं. त्या सोसायट्यांत सगळ्या देशाची माणसं राहतात, ती सुट्टी बघून होळीच्या दुसऱ्या दिवशी खेळून मोकळी होतात. आमच्याकडे तसं नाही. पुण्यात रंग पंचमीलाच, हा आमचा बाणा. दरवर्षी यावरून ग्रुपवर भाषणं होतात, धुळवडीला खेळणारे कसे संस्कृती विसरले वगैरे. आणि त्या वर्षी शौनकनं फर्मान काढलं होतं: कोरडी रंगपंचमी. पाण्याचा एक थेंब नाही, बीटापासून केलेला एकच गुलाबी रंग, तोही सोसायटीनं आणलेला.

"कोरडा रंग हाय म्हणजे पार्किंगमधून पाणी येणार न्हाई," उत्तरेश्वर म्हणाला. "खेळून झालं की सगळी एकदमच अंघोळीला जाणार. त्या दिवशी पायपातून गुलाबी पाणी आलं तर ते तुमच्याच बाथरूमचं. मला काय बोलायची गरजच न्हाई."

मी जिन्यातच त्याच्या पाठीवर थाप मारली. जयामॅडमना फोन करून सांगितलं, पंचमीच्या दिवशी दुपारी एक वाजता ओढ्यावर या. त्यांची पंधरा दिवसांची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती.

पंचमीला आम्ही चौघं पाईपच्या तोंडाशी उभे होतो. मी, उत्तरेश्वर, जयामॅडम आणि सुशीलाबाई. ऊन मी म्हणत होतं. पाईपातून रोजच्यासारखं काळपट पाणी येत होतं, त्याचा वास अंगाला चिकटत होता. माझ्या फोनवर धडाधड फोटो येत होते. गुलाबी काका, गुलाबी काकू, गुलाबी शौनक. मग त्याचा मेसेज आला: 'पाण्याचा एकही थेंब न वापरता शंभर टक्के पर्यावरणपूरक रंगपंचमी! निर्मलधाराचा आदर्श!' तो मी जयामॅडमना दाखवला. त्यांनी वाचला आणि त्याचा फोटो काढून ठेवला.

"आता लिफ्टला रांग लागली असंल," उत्तरेश्वर घड्याळ बघून म्हणाला. "पाणी यायला वीस मिनिटं."

अठराव्या मिनिटाला पाणी बदललं. आधी कडेनं एक गुलाबी रेघ आली, मग सगळा प्रवाहच गुलाबी झाला, साबणाचा फेससुद्धा गुलाबी. ते चारीत शिरलं आणि अळूच्या देठांभोवती फिरायला लागलं. सुशीलाबाई बघतच राहिली. "ह्ये काय?" ती म्हणाली. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

"ही निर्मलधाराची अंघोळ आहे," मी म्हणाले. मला हसू येत होतं आणि त्या क्षणी सोसायटीत जाऊन एकेकाचं बाथरूम फोडावंसं वाटत होतं.

जयामॅडमनी चित्रण केलं, बाटलीत नमुना भरला. "झालं. सोसायटीला आजच नोटीस काढते," त्या म्हणाल्या. "पण जोड नक्की कुठे आहे? नकाशात तर दिसत नाही. आख्खं पार्किंग खोदायचं म्हणजे परवानग्या, ठेकेदार, सोसायटीची हरकत, महिना सहज जाईल. तोवर मला या वाफ्यांना हे पाणी पिऊ देता येणार नाही. उद्या माणसं येणार ती येणारच, मावशी. माझा नाइलाज आहे."

सुशीलाबाईनं चारीतला गुलाबी फेस विळ्यानं बाजूला सारला. वाफ्यांकडे बघत होती. बत्तीस वर्षांचे वाफे, तिच्या नवऱ्यानं बांध घातलेले. मी उत्तरेश्वरकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर त्याला वाटलं असतं मी 'बोल' म्हणते आहे, किंवा 'बोलू नकोस'. मला स्वतःलाच कळत नव्हतं काय म्हणायचंय.

"मॅडम," तो म्हणाला, "गेटापासून आत सव्वादोन फूट. वॉचमनच्या खोलीच्या कोपऱ्यासमोर. साडेचार फूट खाली. वाकडा जोड हाय, सहा इंची. अर्ध्या दिवसात निघंल."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मीच केलाय. बारा वर्षं झाली." मग तो सुशीलाबाईकडे वळला. "अक्का, बागेचं पाणी हाय म्हणालो होतो, ते खोटं होतं. हे निर्मलधाराच्या संडासाचं. मला पहिल्या दिवसापासनं माहीत होतं."

सुशीलाबाईच्या हातात विळा होता. तो तिनं बांधावर ठेवला. "तू खात व्हतास की रं," ती म्हणाली.

"व्हय."

"तू खाल्लं त्ये तू जाण. म्या लोकास्नी इकली. पोरासोरांच्या ताटात गेली. बाळंतिणीनं खाल्ली असंल. म्या माझ्या हातानं जुड्या बांधून दिल्या." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "एकदा सांगायचंस. म्या दुसरं काय बी इकलं असतं."

तो पुढे झाला तशी ती मागे सरकली आणि बांधावरून चालत घरी निघून गेली. विळा तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, जयामॅडमची नोटीस हातात घेऊन, त्यानं निर्मलधाराच्या गेटाशी पहार घातली. सव्वादोन फुटांवर, साडेचार फूट खाली, जोड सापडला. इंचाचा फरक नाही. जोड तोडला, पावसाळी लाईनीचं भोक बुजवलं, आणि पलीकडच्या लाईनीचं काम होईपर्यंत चार दिवस मैल्याचे टँकर लावायची पाळी सोसायटीवर आली. संडास जपून वापरा, असा निरोप घरोघर गेला. काय तो आकांत! शौनक हाफ पँटवर पार्किंगमध्ये येरझारा घालत होता, कानामागे अजून गुलाबी. मी मुद्दाम खुर्ची टाकून बसले होते. लोक माझ्याकडे बघून नाकं मुरडत होते. मुरडा म्हटलं.

दुपारी जयामॅडमनी उत्तरेश्वरच्या हातात कागद दिला. परवाना रद्द का करू नये, सात दिवसांत खुलासा करा. "मला द्यावा लागतोय," त्या म्हणाल्या. त्यानं हात धुतले, पँटला पुसले आणि सही करून घेतला. खुलासा काय करणार? महिन्याभरात परवाना गेला. बिल्डरला नोटीस काढायला म्हणे त्याचा पत्ता मिळाला नाही. सोसायटीनं जोडणी 'स्वखुशीनं' बदलली असं कागदोपत्री आलं. ग्रुपवर शौनकचा मेसेज आला: 'अभिमानाचा क्षण! आपली सोसायटी आता पूर्णपणे नदीस्नेही. कमिटीच्या पुढाकाराचं कौतुक!' खाली टाळ्याच टाळ्या. सह्या करणाऱ्या एक्केचाळीस जणांपैकी एकानंही सुशीलाबाईचं नाव घेतलं नाही. माफी तर लांबच. मीही मागितली नव्हती. मी टाळ्या वाजवणाऱ्यांना शिव्या देण्यात गुंतले होते.

पाईपचं तोंड दोन दिवसांत कोरडं पडलं. जयामॅडम सुशीलाबाईला सांगून आल्या, "आता वाफे राहू द्या मावशी. विहीर उपसून घ्या, पाणी तपासून देते, मग परत विका." म्हणजे जे वाचवायचं होतं ते वाचलं होतं. पण सुशीलाबाईनं त्याच दिवशी कासोटा घातला आणि सगळा अळू मुळासकट उपटून काढला. एकटीनं. उत्तरेश्वर बांधावर उभा होता. तिनं त्याला ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दुकानासमोर नेहमीच्या जागेवर येऊन बसली. टोपली रिकामी. मला वाटलं, भ्रमिष्ट झाली. मग एक गिऱ्हाईक आलं, नेहमीची बाई, आणि मी ऐकलं.

"बाई, म्या तुमाला इतकी वर्सं अळू दिला, त्यो घाणीच्या पाण्यावरचा व्हता. मला म्हाईत न्हवतं. पर इकला म्याच. माफी करा."

येईल त्या प्रत्येकाला तेच. कुणी 'असू दे हो' म्हणून निघून गेलं. कुणी पिशवी सावरत पाय उचलला. एका बाईनं भर रस्त्यात तिला वाटेल ते बोलून घेतलं, तिच्या सासूला कावीळ झाली होती म्हणे. सुशीलाबाई खाली मान घालून सगळं ऐकत होती. मी काउंटरमागे उभी राहून जळत होते. या आख्ख्या प्रकरणात एकच माणूस माफी मागत होतं, आणि तेही जिनं काहीच केलं नव्हतं ते!

दुसऱ्या दिवशी दहाला उत्तरेश्वर आला. तिच्यापासून चार हात लांब उभा राहिला.

"उभा काय ऱ्हातोस?" ती वर न बघता म्हणाली. "बस हितं. तुझं तू सांग. म्या एकटीनं किती सांगू?"

तो फुटपाथवर बसला. येणाऱ्याला ती तिचं सांगायची, मग तो सांगायचा, "लाईन मी जोडली होती. अक्काला मी खोटं सांगितलं होतं." इतकंच. त्यातले निम्मे त्याची गिऱ्हाइकं. ज्यांच्या घरी तो वेळेवर जायचा ती माणसं त्याच्याकडे बघत उभी राहायची.

तासभर मी बघितलं. मग शौनकला फोन लावला. "इथे माझ्या दुकानासमोर ये आणि यांच्या शेजारी बस," म्हणाले.

"मॅम, मी मीटिंगमध्ये आहे," तो म्हणाला.

मी फोन ठेवला, शटर खाली ओढलं आणि रस्ता ओलांडला. सुशीलाबाईनं मला बघून टोपली थोडी बाजूला सरकवली, तेवढीच जागा झाली. मी बसले. गुडघे दुखले, राग आला, कुणावर ते आता विचारू नका. एवढ्यात पिशवी घेऊन एक बाई आली, बरोबर लहान मुलगी. सुशीलाबाईनं तिचं सांगितलं, उत्तरेश्वरनं त्याचं. बाईचा चेहरा बदलत गेला. तिनं मुलीला जवळ ओढलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "आणि तुम्ही कोण?"

"निर्मलधारा, फ्लॅट तीनशे चार," मी म्हणाले. "पाणी आमचं होतं. आणि यांच्यावरच्या अर्जावर सहीही माझी आहे."